बिदरीची पारख

भालकी हे बिदर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नोव्हेंबर १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशाकडे गेले आणि भालकी बिदरसह त्या वेळच्या म्हैसूर राज्यात राहिली. नकाशावर रेषा ओढली गेली म्हणून बाजारहाट मात्र थांबला नाही. लातूर रोड, उदगीर, भालकी, बिदर या लोहमार्गावरून माणसे, धान्य आणि सोयरिकी पूर्वीप्रमाणेच ये-जा करीत राहिल्या. त्यांच्याबरोबर बिदरचा जो माल दूरदूरच्या घरांत पोहोचला, त्यात काळ्याभोर धातूवर चांदीची नक्षी असलेल्या बिदरी वस्तूचा मान पहिला.

आहेरासाठी, शिक्षकाच्या निवृत्तीसमारंभासाठी किंवा बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या सत्कारासाठी बिदरी फुलदाणी घेण्याचे ठरते, आणि खरेदीस गेलेल्या गृहस्थापुढे एक पेच उभा राहतो. एकाच घाटाच्या, एकाच आकाराच्या दोन फुलदाण्या समोर मांडलेल्या असतात. दोन्ही काळ्या, दोन्हींवर पांढरी वेलबुट्टी. किमतीत मात्र दुपटी-चौपटीचा फरक. दुकानदार दोन्हींना बिदरीच म्हणतो. स्वस्त वस्तू घेणारा आपण व्यवहार साधला या समाधानात घरी जातो. वर्ष-दोन वर्षांत काळ्या रंगाचे पोपडे निघू लागतात, खालून पांढरा पत्रा दिसू लागतो, आणि मग तो बिदरच्या कारागिराला बोल लावतो. ज्या कारागिराने ती वस्तू डोळ्यांनीही पाहिलेली नसते, त्याच्या पदरी हा अपयशाचा वाटा येतो. नकली मालाने होणारे खरे नुकसान हे आहे. ग्राहकाचे पैसे एकदा जातात, कारागिराचे नाव कायमचे जाते.

बिदरीची पारख करावयाची तर ती कशी घडते हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वस्तू कशी झाली हे ठाऊक असले की ती कशी नसावी हे आपोआप कळते.

काळेपणाचे रहस्य

बहमनी सुलतान अहमदशहा याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुरगीहून, बिदरला हलविली. त्याच्या काळात अब्दुल्ला बिन कैसर नावाचा इराणी कारागीर येथे आला आणि त्याने ही कला रुजविली, अशी परंपरा सांगतात. परंपरेतील तपशिलाविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु इराणी जडावकामाची रीत आणि दख्खनची माती यांच्या संयोगातून बिदरी जन्मली, याविषयी फारसा वाद नाही. हुक्क्याची बैठक, पानदान, सुरई, पिकदाणी ही तिची जुनी रूपे होत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा जुन्या वस्तू जतन करून ठेवलेल्या आहेत.

बिदरीची धातू म्हणजे लोखंड नव्हे, पितळ नव्हे आणि चांदीही नव्हे. ती जस्त आणि तांबे यांची मिश्रधातू आहे. जस्ताचे प्रमाण फार मोठे, तांब्याचे अल्प. सोळा भाग जस्तास एक भाग तांबे असे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. बारीक मातीत एरंडेल आणि राळ मिसळून साचा करतात आणि त्यात वितळलेली धातू ओततात. साच्यातून निघालेली वस्तू खरखरीत आणि करड्या पांढऱ्या रंगाची असते. कानशीने ती गुळगुळीत केल्यावर तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. त्यामुळे पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो आणि टोकदार सळईने काढलेली नक्षीची रेघ त्यावर स्पष्ट उठून दिसते. हा काळेपणा शेवटचा नव्हे. तो पाटीवरच्या काळेपणासारखा, केवळ लिहिण्याच्या सोयीसाठी असतो.

पुढचे काम कलमाचे. लहान छिन्नीला कारागीर कलम म्हणतात. कलमाने रेघेरेघेत चर कोरला जातो आणि त्या चरात चांदीची तार किंवा पातळ पत्र्याचा तुकडा बसवून हलक्या हातोडीने ठोकला जातो. डिंक नाही, सरस नाही, डाग देणेही नाही. चांदी मऊ असते, ती ठोकताना पसरते आणि चराच्या कडांत घट्ट धरून बसते. तारेच्या कामाला तारकशी आणि पत्र्याच्या कामाला तहनिशान ही नावे आजही चालू आहेत. आफताबी नावाच्या प्रकारात तर उलटेच असते: चांदीच्या पत्र्यातून नक्षी कापून घेतात, त्यामुळे पार्श्वभूमी चांदीची आणि फुले काळी दिसतात. द्राक्षांची वेल, अशर्फीची बुट्टी, तीन पानांची वेल ही या नक्षीची जुनी घराणी आहेत.

सर्व जडाव पूर्ण होऊन वस्तू घासली गेली म्हणजे मोरचुदाचा काळेपणा निघून जातो आणि करड्या धातूवर पांढरी चांदी जवळजवळ दिसेनाशी होते. ज्याने पूर्वी पाहिलेले नाही त्याला या वेळी वाटावे की महिन्याची मेहनत वाया गेली! येथे मातीचा प्रवेश होतो. बिदरच्या जुन्या किल्ल्यातील, वर्षानुवर्षे ऊन आणि पाऊस न लागलेल्या अंधाऱ्या भागातील माती आणून ती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात. वस्तू किंचित गरम करून या द्रावणाने माखली की काही क्षणांत जस्ताची मिश्रधातू गर्द काळी होते. चांदीवर मात्र त्याचा काहीही परिणाम होत नाही. मातीतील सोऱ्यासारखे क्षार आणि मिश्रधातूतील थोडेसे तांबे यांचा या काळेपणाशी निकट संबंध आहे. नुसत्या जस्ताला हा गहिरा रंग चढत नाही. अनुभवी कारागीर मातीचा कण जिभेवर ठेवून ती उपयोगाची आहे की नाही हे ओळखतात. अखेरीस वस्तूला खोबरेल चोळले जाते आणि काळा रंग अधिक गडद होतो.

एवढ्या विस्ताराने हे सांगण्याचे कारण असे की बिदरीचा काळा रंग हा लावलेला रंग नाही. तो त्या धातूच्या कातडीचाच भाग आहे. आणि चांदी ही चिकटविलेली नसून रोवलेली आहे. अस्सल आणि नकली यांतील बहुतेक भेद या दोन गोष्टींतून निघतात.

हातात घेऊन पाहावे

नकली वस्तू अनेक प्रकारची असू शकते. ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी पत्र्याच्या भांड्याला काळा तैलरंग देऊन त्यावर रुपेरी रंगाने नक्षी छापलेली, हा सर्वांत भोळा प्रकार. तो ओळखण्यास विशेष विद्या लागत नाही. छापील नक्षीतील प्रत्येक फूल दुसऱ्या फुलासारखे तंतोतंत असते. हाताने कोरलेल्या वेलीत दोन पाने कधीही एकसारखी नसतात. भिंगातून पाहिल्यास कलमाच्या खुणा, तारेचा बारीकसा जोड, कोठे चर किंचित रुंद झालेला, हे सर्व दिसते. ग्राहकाला हे दोष वाटतात. वास्तविक तीच कारागिराची सही होय.

नक्षीवरून नख आडवे फिरवावे. तारकशी आणि तहनिशान कामात चांदी आणि काळा भाग एका पातळीत असतात, नख अडत नाही. कडेला नख अडून पापुद्रा उचलला जात असेल तर तेथे चिकटविण्याचे काम झालेले आहे असे समजावे. मात्र जरबुलंद नावाच्या जुन्या प्रकारात नक्षी मुद्दाम उठावदार ठेवली जाते. तेव्हा उंचवटा दिसला म्हणून वस्तू टाकून देणे बरोबर नाही. पाहावयाचे ते उंचवट्याची कड सुटते की काय, हे.

काळ्या रंगाकडे लक्ष द्यावे. अस्सल बिदरीचा काळा रंग तुकतुकीत नसतो, मखमलीसारखा मंद असतो. आरशासारखी चमक दिसली तर ती रंगाची किंवा रोगणाची असण्याचा संभव अधिक. दुकानदाराची अनुमती घेऊन, बुडाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर नखांचा रंग काढण्याच्या द्रवाचा बोळा फिरविल्यास रंग असेल तर बोळ्याला लागतो. अनुमती मिळत नसेल, तर तेही पुरेसे उत्तर आहे.

लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे हे निश्चित. परंतु चुंबक चिकटला नाही म्हणजे वस्तू बिदरी ठरली, असे नव्हे. ॲल्युमिनियम, पितळ, प्लास्टिकसारखे ओतीव पदार्थ, यांपैकी कशालाही चुंबक चिकटत नाही. वजन हा त्याहून भरवशाचा साक्षीदार आहे. हाताच्या तळव्याएवढी बिदरी डबी उचलताना अपेक्षेपेक्षा जड लागते.

सर्वांत फसवा प्रकार आणखी वेगळा. त्यात ओतकाम जस्ताचेच असते, काळा रंगही खरा असतो, पण चरात चांदीऐवजी ॲल्युमिनियमची किंवा दुसऱ्या एखाद्या पांढऱ्या धातूची तार ठोकलेली असते. येथे वजन, चुंबक, नख ही सर्व साधने थिटी पडतात. काळ मात्र फसत नाही. खरी चांदी हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे हळूहळू पिवळसर आणि पुढे काळपट होते, आणि मऊ फडक्याने पुसली की पुन्हा उजळते. म्हणून "ही कधीच काळवंडणार नाही" असे आश्वासन विक्रेता देत असेल तर ती प्रशंसा नव्हे, कबुली आहे. तातडीने निर्णय हवा असल्यास तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी ज्या सराफाकडे धातू तपासण्याचे क्ष-किरण यंत्र आहे त्याच्याकडे वस्तू न्यावी. त्या यंत्राने ओरखडा न काढता चांदी आहे की नाही हे कळते. कसोटीच्या दगडावर किंवा तेजाबाने तपासण्याचा आग्रह कोणी धरल्यास तो मानू नये, काळा रंग कायमचा बिघडतो.

न्यायाची एक बाजू येथे नोंदविली पाहिजे. चांदी नसलेली प्रत्येक वस्तू खोटी नसते. पितळेच्या जडावाचे बिदरी काम जुन्या काळापासून होत आले आहे. चांदीचा भाव २०२५ मध्ये किलोला एक लाख रुपयांची पातळी ओलांडून पुढे गेल्यावर चांदीचे जडावकाम किती महाग झाले असेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे कमी चांदीची किंवा पितळी जडावाची वस्तू कारागिराने करून दिली आणि तसे सांगून विकली, तर त्यात गैर काहीच नाही. अपराध सुरू होतो तो पितळेला चांदी आणि छापकामाला कोरीवकाम म्हणण्यापासून.

शाळेतील प्रयोग

विज्ञानाच्या शिक्षकांना या विषयात एक चांगला पाठ सापडेल. आठवीच्या मुलांना आर्किमिडीजचे तत्त्व शिकविताना बादली आणि दगड घेण्याऐवजी घरून आणलेली एखादी भरीव बिदरी वस्तू घ्यावी. प्रथम तराजूवर तिचे वजन करावे. मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात दोऱ्याने सोडून बाहेर सांडलेले पाणी मोजपात्रात मोजावे. वस्तू तीनशे ग्रॅमची असेल आणि ती जस्ताच्या मिश्रधातूची असेल, तर सुमारे बेचाळीस मिलिलिटर पाणी सांडेल, कारण जस्ताची घनता ७.१ आहे. चांदीमुळे यात थोडा फरक पडेल. तीच वस्तू ॲल्युमिनियमची असती तर ॲल्युमिनियमची घनता २.७ असल्यामुळे एकशे अकरा मिलिलिटर पाणी सांडले असते. एवढा फरक मुलांच्या डोळ्यांनाही दिसतो. लोखंडाची घनता ७.८, म्हणजे जस्ताच्या जवळची. पण तेथे चुंबक मदतीला येतो. पितळ ८.५ च्या आसपास आणि त्याचा पिवळेपणा लपत नाही.

वस्तू पोकळ आणि बंद असेल तर आत अडकलेली हवा उत्तर चुकविते, हे मुलांना आधी सांगावे. नंतर वस्तू कोरडी पुसून तिला खोबरेलाचा हात द्यावा. ही धातू ठिसूळ आहे, फरशीवर पडल्यास तडकते किंवा तुटते. म्हणून दोरा पक्का बांधलेला असावा.

नावाचे संरक्षण

परदेशांत चामड्याच्या हातपिशव्या, घड्याळे आणि अत्तरे प्रसिद्ध कंपन्यांच्या नावाने विकली जातात आणि त्यांच्या नकला जगभर होतात. तेथे नाव एका कंपनीचे असते. तिच्यापाशी वकील असतात, पैसा असतो, आणि नक्कल आढळली की ती दावा लावते. बिदरी हे नाव कोणा एका कंपनीचे नाही. ते एका गावाचे आणि त्या गावातील कित्येक कुटुंबांचे नाव आहे. चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्लीत बसून कलम चालविणारा कारागीर दूरच्या शहरातील दुकानदारावर दावा कसा लावणार?

या अडचणीवर उपाय म्हणून भौगोलिक उपदर्शनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. विशिष्ट प्रदेशाच्या माती-पाण्यामुळे किंवा परंपरेमुळे ज्या मालाला विशेष गुण प्राप्त झाला आहे, त्याचे नाव इतरांनी वापरू नये, अशी तरतूद त्यात आहे. नोंदणीचे कार्यालय चेन्नईत आहे. दार्जिलिंग चहा हा या कायद्याखाली नोंदला गेलेला पहिला माल; त्याच्या मागोमाग २००५-०६ या वर्षात बिदरीची नोंद झाली. नोंदणीच्या नावाचा खोटा वापर करणाऱ्यास कैद आणि दंड या दोन्ही शिक्षा आहेत.

सीमाभागातील वाचकांना कोल्हापुरी चपलेचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. तिची नोंदणी २०१९ मध्ये महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी एकत्र झाली. कारागिरांच्या वस्त्या राज्याच्या सीमेला जुमानीत नाहीत, हे कायद्याने तेथे मान्य केले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाचीच पादत्राणे मांडली आणि कोल्हापूरचा उल्लेख केला नाही, तेव्हा मोठा गदारोळ झाला. कंपनीने पुढे भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. नोंदणी झालेली नसती, तर बोलण्यास आधार तरी कोणता राहिला असता?

बिदरीच्या बाबतीत एक नाजूक प्रश्न उरतो. बिदरी घाटाचे काम हैदराबादेत होते, पूर्वीचे औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर येथेही होते. तेथील कारागीरही कुशल आहेत आणि त्यांच्या वस्तूला छापील पत्र्याच्या रांगेत बसविणे अन्यायाचे होईल. परंतु बिदरचे म्हणून जे घ्यावयाचे ते बिदरचेच असले पाहिजे. म्हणून ग्राहकाने दुकानदाराला दोन निराळे प्रश्न विचारावेत: हे काम हाताचे आणि चांदीचे आहे काय, आणि ते कोठे झाले? पहिल्याचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे उत्तर हैदराबाद असे असू शकते. प्रामाणिक दुकानदार ते सांगतो.

पावती घेताना केवळ "फुलदाणी एक नग" एवढ्यावर समाधान मानू नये. "बिदरी, चांदीचे जडावकाम, बिदर येथे तयार" असे शब्द लिहून मागावेत. कारागिराचे नाव आणि तो नोंदणीकृत वापरकर्ता असल्यास त्याचा क्रमांकही लिहून घ्यावा. वस्तूवर डकविलेल्या चिठ्ठीपेक्षा पावतीवरील शब्दांना अधिक किंमत आहे, कारण चिठ्ठीही छापता येते. पुढे फसवणूक उघडकीस आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. पावती नसेल तर आयोगापुढे तक्रारदाराची बाजू अर्ध्याहून अधिक दुबळी होते.

सरकारी कार्यालये, पंचायती आणि शिक्षणसंस्था यांच्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. सन्मानचिन्हे हा आज बिदरीचा एक मोठा ग्राहक आहे. खरेदीच्या मागणीपत्रात "बिदरी सन्मानचिन्हे, पन्नास नग" एवढाच मजकूर लिहिला आणि सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम दिले, तर कमीत कमी दराने काय मिळणार हे कोणासही सांगता येईल. नियम पाळला जातो, लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही, आणि ज्येष्ठ शिक्षकाच्या हाती रंगविलेला पत्रा पडतो. मागणीपत्रातच धातू, जडावाचा प्रकार, चांदी की पितळ आणि उत्पादनाचे ठिकाण नमूद केले, तर नियम मोडावा लागत नाही आणि दरांची तुलनाही समान मालाची होते. कर्नाटक राज्य हस्तकला विकास निगमाच्या कावेरी विक्रीकेंद्रांतून किंवा कारागिरांकडून थेट खरेदी करणे हाही मार्ग आहे. २०११ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या संचलनात कर्नाटकाच्या चित्ररथावर बिदरी कलेचे दर्शन घडले होते. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सर्व घडूनही जिल्ह्यातील कार्यालयांच्या कपाटांत नकली सन्मानचिन्हे असतील, तर पद्मश्रीने त्या गल्लीतील चुली पेटणार नाहीत.

घरातील जुनी वस्तू

आतापर्यंतचा विचार विकत घेण्याचा झाला. सीमाभागातील काही घरांत याच्या उलट प्रसंग येतो. माळ्यावर आजोबांच्या वेळचे काळे पडलेले पानदान किंवा हुक्क्याची बैठक असते. तिच्यावरची चांदीही काळवंडलेली असल्यामुळे नक्षी दिसत नाही. दारावर आलेला मोडवाला तिला लोखंड म्हणतो आणि भंगाराच्या भावाने मागतो. अशा वेळी प्रथम चुंबक लावून पाहावा. तो चिकटला नाही आणि वस्तू जड असेल, तर ती देण्याची घाई करू नये. मऊ सुती फडक्याला खोबरेल लावून हलक्या हाताने पुसावी. नक्षी असेल तर ती हळूहळू वर येते. चिंच, लिंबू, राख, वाळू किंवा भांड्यांची पूड यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. आम्लाने जस्त खाल्ले जाते आणि शंभर वर्षांचा काळा रंग एका घासणीत निघून जातो.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती परदेशी पाठविण्यास खाजगी व्यक्तीला मनाई आहे आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. तेव्हा फार मोठ्या रकमेचे आमिष दाखविणाऱ्या अनोळखी व्यापाऱ्याकडे प्रथम परवाना मागावा. वस्तू ठेवून घ्यावयाची असेल आणि तिची तार कोठे निघाली असेल, तर ती बिदरला न्यावी. भालकीहून बसने किंवा रेल्वेने सकाळी निघालेल्या माणसाला चौबाऱ्याजवळच्या कारागिराकडे जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येते. आणि निघालेली तार पुन्हा ठोकून बसविताना पाहिली, की पुढच्या खरेदीच्या वेळी भिंग लागत नाही.